तिसरी ब

गुरुवारी सात वाजता आम्ही तिसरी ब मध्ये बसतो.
बाकं आठ वर्षांच्या गुडघ्यांसाठी केलेली,
त्यात आमचे चाळिशीचे, साठीचे, आणि एक बदललेला,
तो लोणकर वहिनींचा, डावा.
फळ्यावर गृहपाठ: बेडकाचे जीवनचक्र.
त्याखाली ऋता खडूनं लिहिते:
खर्जवाले, वेळेवर या.

ऋता आमची मास्तरीण. वय सव्वीस.
दिवसा पाषाणच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत बुरशी वाढवते,
संध्याकाळी आम्हाला.
"काका, सुराला धरू नका, सुरावर रेला,"
असं ती म्हणाली तेव्हा धनाजी गव्हाणे
खरोखरच भिंतीला रेलले
आणि महाराष्ट्राचा नकाशा खाली आला,
कोकणाकडून.

पटावर बावीस नावं, येतो एकोणीस.
टेलिफोन खात्यातले निवृत्त दोघे, एकमेकांशी न बोलणारे,
पण शेजारीच बसणारे.
दातांची एक डॉक्टर, "तोंड उघडा" म्हटलं की तिलाच हसू येतं.
कॅम्पातून येणारी फिलोमिना, जिला कागदावरचे सूर वाचता येतात
आणि आम्हाला येत नाहीत, हे ती कधी बोलून दाखवत नाही,
फक्त आमच्या आधी पान उलटते.

कर्वे रोडवर मेट्रो गेली की खिडकीच्या काचा
कोमल गंधारात थरथरतात.
पेठेकाका म्हणतात, शुद्ध.
या वादाला आता दोन वर्षं झाली.

मी मधल्या आवाजात. म्हणजे कुणाला वेगळ्या ऐकू न येणाऱ्यांत.
चाल वरच्या बायका घेऊन जातात, वजन खालचे पुरुष,
आमच्या वाट्याला एकच अक्षर, एकाच स्वरावर, साडेचार ओळी.
घरी रियाज करते तेव्हा लेक आतून ओरडतो,
"आई, मिक्सर चालू राहिलाय का?"

मागच्या गुरुवारी ऐन कडव्यात बाहेर भोंगा वाजला.
विषम तारीख, सम बाजू, गाड्या उचलायला आले.
खर्जाची अख्खी रांग उठून धावली.
गाणं अधांतरी. ऋताचे हात हवेत.
आम्ही थांबलो नाही, का कोण जाणे.
आणि ते परत आले, धापा टाकत,
दंड कुणी भरायचा यावर दारापर्यंत भांडत,
आणि तिसऱ्या कडव्यात बरोबर समेवर पडले,
आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर.

एक गोष्ट मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हती:
लांबचा सूर कुणीच एकटं पुरा करत नाही.
श्वास चोरा, ऋता सांगते,
फक्त शेजारणीबरोबर एकाच वेळी चोरू नका.
ऐकणाऱ्यांना वाटतं, काय दम आहे यांचा!

नसीम बागवान सहा आठवडे आली नव्हती.
आली तेव्हा तिच्याच बाकावर बसली, वही उघडली,
आणि ओठसुद्धा हलवले नाहीत.
कुणी काही विचारलं नाही.
लोणकर वहिनींनी खोकल्याची गोळी तिच्यापुढे सरकवली,
त्यांच्याकडे सगळ्यावर तेवढंच औषध.
आम्ही सूर लावला, तिच्या वाटचाही,
आळीपाळीनं, कुठे फट न पडू देता.
चौथ्या ओळीत केव्हातरी
माझ्या डाव्या कानाला जराशी ऊब लागली.
मी तेवढ्यात श्वास घेऊन टाकला.

नऊ वाजता साळुंके शिपाई किल्ल्या वाजवतो,
दर वेळी द्रुत लयीत.
मग गाड्यांपाशी आणखी पाऊण तास,
कागदातले गरम पॅटिस, सुट्ट्या पैशांची भांडणं,
डोक्यात हेल्मेट घालूनही कुणी निघत नाही.
गव्हाणे तेच कडवं चुकीचं गुणगुणतात
आणि ते आता आम्हा सगळ्यांच्या तोंडी चुकीचंच बसलंय.

फळा पुसायचा राहिला.
उद्या सकाळी तिसरी ब वहीत उतरवून घेईल:
बेडकाचे जीवनचक्र.
खर्जवाले, वेळेवर या.